कप्तानांची न बुडालेली जहाजे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मी कप्तानांचे नाव घेतो. आईवडिलांचे त्याखालोखाल. वडिलांना याचे वाईट वाटत नाही. ते म्हणतात, "आमी नुसता जन्म दिला. त्या मानसानं धा वर्सं शिव्या दिल्या. त्येचंच काम मोठं." कप्तानांनी कुणाच्या नमस्काराला उत्तर दिलेले मी पाहिले नाही. समोरच्याने हात जोडले की ते त्या हातांकडे बघत आणि विचारत, "काही काम आहे?" काम नसले तर पुढे चालू लागत. भोरच्या बाजारपेठेत त्यांना टाळण्यासाठी माणसे रस्ता ओलांडून पलीकडे जात, आणि त्यांना ते आवडत असे.

वेल्ह्याच्या हायस्कुलात ते आम्हाला विज्ञान शिकवत. तरंगण्याचा नियम शिकवताना त्यांनी फळाभर एक जहाज काढले. तास संपला, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले, तरी ते जहाजाला शिडे लावतच होते. त्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी 'कप्तान' म्हणाले आणि ते नाव त्यांना चिकटले. त्यांना ते कळले तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गाला उभे केले आणि म्हणाले, "जहाजाच्या मागच्या टोकाला काय म्हणतात, एकालाही माहीत नाही. आणि मला कप्तान म्हणताय." मला ते 'टमरेल' म्हणत. का, तर मी न समजता पाठ करतो आणि आतून रिकामा वाजतो. दहावीपर्यंत मी त्यांचा मनापासून द्वेष केला. बारावीनंतर मी शिरवळला कंपनीत लागणार होतो, तेव्हा हे सेवानिवृत्त होऊन भोरला राहायला गेलेले गृहस्थ एसटीने आमच्या दारात आले. कॉलेजचा अर्ज त्यांनी स्वतःच भरून आणला होता. वडिलांना म्हणाले, "सही करा. हे टमरेल माझ्याकडे राहील."

असा मी भोरला त्यांच्या मागच्या खोलीत अडीच वर्षे राहिलो. आम्ही बौद्धवाड्यातले. गावात कुणी आमच्यावर काही उपकार केला की त्याचा बराच गाजावाजा होई. कप्तानांनी एकदाही 'आमच्यात भेदभाव नाही' असे म्हटले नाही. एकाच माठातले पाणी आम्ही प्यायचो आणि माठ भरला नसला की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होई. त्यात जातीचा शब्द कधी आला नाही. मी आळशी आहे, एवढेच त्यांचे म्हणणे असे.

राहण्याच्या बदल्यात माझ्याकडे एक काम होते. कप्तान एक कादंबरी लिहीत होते. तिचे नाव 'तळघोष'. त्यांचा हात कापत असल्याने अक्षर त्यांचे त्यांनाच लागत नसे. रोज दोन पाने मी चांगल्या अक्षरात उतरवून द्यायची. पाच जाडजूड वह्या भरतील एवढी ती कथा होती, आणि अशी गोष्ट मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

ती घडते दुसऱ्या एका ग्रहावर. तिथे जमीन नाही, फक्त समुद्र. पृथ्वीवरून गेलेली माणसे तिथे जहाजांवर पिढ्यानपिढ्या राहतात. त्यांना आणणारे पहिले जहाज बुडून तळाशी पडले आहे आणि त्यातले एक यंत्र अजून बोलते. जहाजाच्या बुडाला कान लावला की त्याचा आवाज ऐकू येतो. ते काही आकडे सांगते. ते आकडे म्हणजे देववाणी, असे सगळे मानतात. मग फूट पडते. 'वाहते' म्हणतात, देव वर काढून आपल्याबरोबर न्यायचा. 'तळकरी' म्हणतात, देव जिथे आहे तिथेच राहील, त्याला हात लावणे पाप आहे. यावरून तीन पिढ्या आरमारांचे युद्ध चालते, आणि शेवटी दोन सख्खे भाऊ दोन बाजूंचे सरदार म्हणून समोरासमोर येतात.

कप्तानांनी समुद्र पाहिला नव्हता. वरंधा घाट उतरला की महाड, तिथून पुढे समुद्र किती लांब? मी एकदा म्हणालो, "सर, एकदा जाऊन येऊ." ते म्हणाले, "तिथला समुद्र एका चंद्राचा आहे. माझ्या ग्रहाला दोन चंद्र आहेत. गोंधळ होईल." दोन चंद्रांच्या भरती-ओहोटीची गणिते ते जुन्या निकालपत्रकांच्या मागे करत. वाऱ्यासाठी मात्र ते भाटघर धरणाच्या पाण्यावर जात. काठावर तासन्‌तास बसून लाटा कशा तिरक्या होतात ते बघत. मोरीतल्या बादलीत लाकडी फळकुटे सोडून जहाज किती वेळात वळते ते मोजत. ती बादली अंघोळीला मागितली तर म्हणत, "लढाई चालू आहे. नंतर."

पुण्याच्या एका प्रकाशकाने पहिली वही परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती, की कथा लांब आहे, थोडी कमी करावी आणि जमल्यास प्रेमप्रकरण घालावे. कप्तानांनी त्या चिठ्ठीतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि ती परत पाठवली. मग ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "छापणारे गेले खड्ड्यात. तू गावात वाच."

गावात म्हणजे आमच्या गावात, कारण ते त्यांचेही गाव होते. इथे मला आमच्या गावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. गुंजवणीवर धरण झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. जाताना भांडण झाले ते देवाचे. अर्ध्या लोकांनी देवळातला शेंदराचा तांदळा उचलून वर नेला आणि तिथे नवे देऊळ बांधले. ती वरची वाडी. उरलेले म्हणाले, देवाची जागा हलत नसते, तुम्ही नेला तो नुसता धोंडा. ते पाण्याच्या काठाला राहिले आणि पाण्याकडे तोंड करून हात जोडू लागले. ती खालची वाडी. दोन जत्रा झाल्या, सोयरिकी मोडल्या, मयताला जाणे बंद झाले. त्या भांडणाच्या बैठकीत कप्तान उभे राहून म्हणाले होते, "दगड आहे तो. उचलला काय आणि बुडाला काय." त्या दिवशी दोन्ही वाड्यांचे एकाच गोष्टीवर एकमत झाले, की या माणसाशी बोलायचे नाही. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते खालच्या वाडीचे प्रमुख. त्यांनीही बोलणे टाकले.

म्हणजे कप्तान ही कथा कुणासाठी लिहीत होते ते मला तेव्हा समजले. "तुमचे नाव सांगू का?" मी विचारले. "सांगितलंस तर ऐकणार नाहीत," ते म्हणाले. "शेवटपर्यंत वाच. शेवटच्या पानासाठी मी सगळं लिहिलंय." एरवी कुणाकडून काही न मागणाऱ्या त्या माणसाची एवढी एकच इच्छा होती. आपल्या गावाने ते शेवटचे पान ऐकावे.

आमच्याकडे श्रावणात पोथी लावतात. एकाने वाचायचे, थांबून सगळ्यांना कळेल असा अर्थ सांगायचा, आणि शेवटी समाप्ती करायची. फूट पडल्यापासून पोथी बंदच होती. मी नवी पोथी वाचतो म्हटल्यावर दोन्ही वाड्यांच्या मधल्या शाळेच्या पडवीत बैठक झाली.

"पोथी कशाची?" वरच्या वाडीचे शंकरराव म्हणाले. त्यांचा किकवीपर्यंत टेम्पो चालतो आणि वाडीही तेच चालवतात.

"समुद्राची," मी म्हणालो.

"समुद्राची आसू दे न्हाईतर डबक्याची. खालचा मानूस वाचायला बसला तर आमी येनार न्हाई."

"आन् वरचा बसला तर आमी," नाना म्हणाले.

मग कुणीतरी म्हणाले, "आवो, ह्यो बौद्धवाड्यातला हाय. त्यो कुनाचाच न्हाई." सगळ्यांना ते पटले. माझे आजोबा त्याच देवाची पोथी देवळाबाहेर उन्हात बसून ऐकायचे. मी घरी येऊन वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "कुनाचाच न्हाई म्हंत्यात व्हय? जा, वाच. आवाज तेवढा मोठा ठेव."

लावणी उरकलेली होती. दर रविवारी दुपारी वाचन सुरू झाले. पहिल्याच दिवशी मी पोहोचलो तर पाट मांडलेला, त्यावर कोरे कापड, उदबत्ती. बायकांनी वहीला हळदकुंकू वाहिले. मी वही उघडली आणि वाचायला लागलो. भोरला परतल्यावर कप्तानांनी ते पिवळे-लाल डाग पाहिले आणि वही माझ्या अंगावर फेकली. "विज्ञानकथा आहे ही! हिला हळदकुंकू?" मग वही उचलून बाहीने पुसली आणि हळूच विचारले, "किती जण होते?" मी म्हणालो, "पडवी भरली होती." ते मोरीत गेले आणि बराच वेळ बादलीत काहीतरी ढवळत बसले.

दोन चंद्र, शिडे, तोफा, सगळे लोकांनी सहज मानले. पोथीत काहीही असू शकते. पण तिसऱ्या रविवारपर्यंत वरची वाडी 'वाहते' झाली आणि खालची वाडी 'तळकरी'. पडवीत मध्ये एक माणूस जाईल एवढी जागा सुटू लागली. ज्यांची जहाजे जिंकत ते हलगी वाजवत घरी जात. नाना मला अर्थ सांगताना अडवत आणि म्हणत, "तळकऱ्यांचं जहाज आसं पळून जानार न्हाई. नीट वाच." शंकररावांनी एकदा मला एसटीच्या थांब्यावर गाठले.

"फुडच्या ऐतवारी आमचं आरमार बुडलं तर बघ."

"मी लिहिलेलं नाही, काका."

"लिवलं न्हाई, पर वाचतूस तर तूच. आन् तुजा बा ह्याच गावात ऱ्हातो."

पुढच्या रविवारी आरमार बुडले. त्या आठवड्यात वडिलांच्या सायकलची दोन्ही चाके कुणीतरी फाडली आणि शाळेच्या कौलांवर दगड पडले. मी घाबरून कप्तानांना सांगितले, वाचन थांबवू या. त्यांचा चेहरा उजळला. "भांडले? म्हणजे कळतंय. वर्गात तुम्हाला शिकवताना कुणी कधी भांडलं नाही." वडिलांच्या सायकलविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांची स्वतःची सायकल त्यांनी मला गावी न्यायला लावली. "माझ्या कामाची नाही, गंजलीये," म्हणाले. ती गंजलेली नव्हती.

नवरात्रात समाप्तीचा रविवार आला. मी पाचवी वही घेऊन पडवीत गेलो. वरच्या वाडीने शिऱ्याचे पातेले आणले होते आणि खालच्या वाडीने दुसरे. नव्या साड्या नेसून बायका आल्या होत्या. पोथीची समाप्ती म्हणजे ऐकणाऱ्याचे कल्याण व्हायचे असते. ज्याने ऐकले त्याला काय फळ मिळेल ते शेवटी सांगायचे असते. आणि माझ्या हातात काय होते? शेवटच्या पानांत एक खलाशीण समुद्रात दोरी सोडते. दोरी तळाला लागते, आणि तिला कळते की यंत्र सांगते तो आकडा म्हणजे तिथल्या पाण्याची खोली आहे, बाकी काही नाही. ते पाणी मोजण्याचे यंत्र आहे. ती ओरडून सांगेपर्यंत दोन्ही भावांची जहाजे एकमेकांवर आदळलेली असतात. सगळे बुडतात, तीही. ऐकायला कुणी उरत नाही, आणि तळाशी यंत्र खोली सांगत राहते.

मी ते वाचू शकलो नाही. वहीवर नजर ठेवून मी मनानेच सांगत गेलो. खलाशिणीची हाक वेळेवर ऐकू आली. भावांनी सुकाणू फिरवले. जहाजे एकमेकांना टेकली, भावाने भावाला मिठी मारली, दोघांनी मिळून देवाची पूजा केली, आणि जो हे ऐकेल त्याच्या घरातले वैर जाईल. पडवीत हुंदके ऐकू आले. एका पातेल्यातला शिरा दुसऱ्या बाजूला गेला. नानांनी डोळे पुसत विचारले, "कुनी लिवलंय रं हे?" त्या भरात मी नाव सांगून टाकले.

चौथ्या दिवशी नाना भोरला आले. इतक्या वर्षांनी भावाच्या दारात, हातात नारळ घेऊन.

"बाळू," ते म्हणाले, "लई ग्वाड केलास शेवट."

"कोणता शेवट?" कप्तान म्हणाले.

नानांनी तो सांगितला. मिठीपर्यंत आले तेव्हा त्यांनी नारळ भावापुढे ठेवला. कप्तान माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडून पाचवी वही मागून घेतली आणि भावासमोर बसून खरा शेवट मोठ्याने वाचला. कुठेही थांबले नाहीत, अर्थही सांगितला नाही.

"मंजी समदी बुडत्यात?" नानांनी विचारले.

"सगळी."

"थोरला भाऊ बी?"

"तो आधी."

नानांनी नारळ उचलला. "मंग येवढी वर्सं कशापाई लिवत बसलास?" असे म्हणून ते उठले आणि चालते झाले. कप्तान त्यांना थांबा म्हणाले नाहीत.

मी म्हणालो, "सर, दोन्ही वाड्या एकत्र आल्या असत्या." कप्तान ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "तुला वाटलं, गावाला खरं झेपणार नाही. तुझ्या आजोबांना देवळाबाहेर बसवणारे हेच म्हणायचे, यांना झेपणार नाही. तू त्यांच्यात जाऊन बसलास." मग पाचवी वही माझ्या पिशवीत कोंबली. "ही घेऊन जा. मला नको." परीक्षेला सहा महिने राहिले होते. ते मी एका मित्राच्या खोलीवर काढले. पास झालो तेव्हा पेढे घेऊन गेलो. दार उघडले नाही. आत बादलीतल्या पाण्याचा आवाज येत होता.

आज मी एका शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. मुलांना कठीण वाटेल म्हणून एखादी गोष्ट सोपी करून सांगण्याचा मोह रोज होतो, आणि रोज कप्तानांचे ते 'झेपणार नाही'चे वाक्य आठवून मी फळ्याकडे वळतो. मुले मलाही काहीतरी नाव ठेवत असतील. सात वर्षे आमचे बोलणे नाही. कप्तान भोरलाच असतात. हात आता फार कापतो, लिहिणे बंद आहे, असे ऐकतो. गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवले. ते असे:

आदरणीय सरांस,

सविनय जयभीम.

गेल्या रविवारी मी गावी जाऊन शाळेच्या पडवीत पाचव्या वहीची शेवटची अकरा पाने वाचली. तुम्ही लिहिली तशीच. आधी सांगितले की सात वर्षांपूर्वी मी गावाला खोटे वाचून दाखवले होते, आज खरे वाचणार आहे, आणि याची समाप्ती नाही. पाट मांडू दिला नाही. अर्थ सांगितला नाही.

माणसे चाळीसेक होती. जहाजे आदळली तेव्हा वरच्या वाडीतले काही जण उठून गेले. मला फसवा म्हणाले. ते खरे आहे. खालच्या वाडीतल्या बायकांनी मुलांना घरी पाठवले. कुणाचे वैर गेले नाही. दोन्ही वाड्या अजून बोलत नाहीत, हे तुम्हाला कळावे.

पण एक झाले. नानांनी मला ती दोरीची जागा पुन्हा वाचायला लावली. मग शंकररावांकडे न बघता म्हणाले, "आपल्या देवळावर पानी किती हाय, हे कुनी बघितलंय का?" शंकरराव म्हणाले, "तुमी बघा. तुमचा द्येव हाय तितं." नाना म्हणाले, "एकट्यानं मोजलं तर तुमी खोटं म्हनाल."

सोमवारी ते दोघे मासेमारीवाल्यांच्या होडीतून गेले. मी वल्हवायला होतो. देऊळ नेमके कुठे, यावरून त्यांचे इतके भांडण झाले की होडी दोनदा कलली. शेवटी दोरीला दगड बांधून सोडला. खाली काहीतरी कठीण लागले. दगडी कळस असावा. काठावर येऊन दोरी दोन्ही हात पसरून मोजली तर आधी शंकररावांच्या हाताने आठ वाव भरली आणि मागून नानांच्या हाताने नऊ. त्यावरून पुन्हा भांडण झाले. शंकरराव म्हणाले, नानांनी मोजेपर्यंत दोरी उन्हात वाळली आणि लांबली. नाना म्हणाले, ओली दोरी लांबते, वाळली की आखडते. दोरी सुताची आहे, बोटाएवढी जाड.

मला विचारले. मी पुस्तकात आहे ते सांगितले, तर दोघांनीही मानले नाही. नाना म्हणाले, "तुजं नगं. तू एकदा ग्वाड बोलून बसलायस. बाळूला इचार. त्यो कुनाच्याच बाजूनं बोलत न्हाई." शंकररावांनीही मान डोलावली.

त्यांनी पुन्हा मोजायला जायचे ठरवले आहे. तुमचे उत्तर आल्याशिवाय जाणार नाहीत. दोरीचा हातभर तुकडा सोबत पाठवत आहे. बादलीत भिजवून बघून कळवावे.

आपला,
टमरेल